भालेरावांची लाल पट्टी

भालेरावांचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला जरा वेळ लागतो. पाठ मात्र लगेच डोळ्यांसमोर येते. इंदिरानगरात आमच्या घरासमोरच त्यांचं घर होतं, आणि रविवारी सकाळी दूध घ्यायला मी दार उघडलं की समोरच्या पोर्चमध्ये बॉनेटखाली वाकलेली ती रुंद पाठ दिसायची. दुपारी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे. संध्याकाळपर्यंत पाय आत जाऊन पुन्हा पाठ वर आलेली असे. या माणसाला पुढची बाजू आहे की नाही, असं मी एकदा सुमनताईंना विचारलं होतं. सुमनताई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या हसून म्हणाल्या, "आहे ना. जेवायच्या वेळेला दिसते."

भालेराव ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. विमान पुरं झालं की ते बाहेर काढण्याआधी शेवटचं तपासणाऱ्यांत ते असत. सकाळी कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी त्याच बसने यायचे. स्वतः विमानात कधी बसले नव्हते. मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून मला ते मॅडम म्हणत आणि कुठलीही गोष्ट मला समजावून सांगितलीच पाहिजे असं त्यांना वाटे. "मॅडम, विमान वर गेलं की रस्त्याच्या कडेला उभं करता येत नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या नवऱ्याने त्याची आमच्या घरात म्हणच करून टाकली होती. भाजीला फोडणी द्यायच्या आधी मी डबे शोधत बसले की तो हळूच म्हणायचा, वर गेल्यावर थांबता येत नाही.

नव्वदचं दशक संपता संपता भालेरावांनी मोठी गाडी घेतली. जुनी, पण चांगली जपलेली. सगळं घरदार एकदम मावेल अशी, उंचीला जीपसारखी आणि आतून मोटारीसारखी मऊ. आमच्या गल्लीत तोवर एक-दोन लहान मोटारी आणि बाकी स्कूटरीच होत्या. त्यामुळे ही ना धड जीप, ना धड मोटार पाहायला सगळे जमले. सुमनताईंनी पेढे वाटले. मला पेढा देताना त्या बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता माझी माय येईल बघा घरी."

हे सांगायला हवं, कारण गाडी मुळात त्यासाठीच आली होती. सुमनताईंचं माहेर देवळ्याजवळच्या एका खेड्यात. कांद्याची थोडी शेती, भाऊ-भावजय आणि म्हातारी आई, जिला सगळे माय म्हणत. माय पडून तिचा खुबा दुखावला होता तेव्हापासून तिला एसटीची पायरी चढता येत नव्हती. सुमनताई वर्षातून दोनदा-तीनदा जाऊन यायच्या, पण मायने लेकीचं नाशिकचं घर एकदाही पाहिलं नव्हतं. घर बांधलं तेव्हाही नाही. सुमनताईंच्या मनात एवढंच होतं, की आईने एकदा या घरात येऊन चार दिवस राहावं, आपल्या हातचं खावं. भालेरावांच्याही मनात तेच होतं. यात दोघांचं कधी दुमत नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

गाडी आली त्याच आठवड्यात लाल पट्टी आली. विमान उभं असतं तेव्हा त्याच्या नाजूक भागांवर टोप्या घालतात आणि प्रत्येक टोपीला लांब लाल पट्टी बांधतात, म्हणजे ती काढायची कुणी विसरू नये आणि ती असेतो विमान कुणी हलवू नये. भालेरावांना आपल्या गाडीला तशीच पट्टी हवी होती. सुमनताई घरी ब्लाउज शिवायच्या. त्यांनी उरलेल्या लाल कापडाची दुहेरी शिवण घालून छान पट्टी करून दिली. गाडीत काही काम बाकी असलं की भालेराव ती स्टिअरिंगला बांधत. पट्टी आहे म्हणजे स्नॅग आहे, आणि स्नॅग म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या भाषेत खोट. मग गाडी गेटबाहेर जाणार नाही. त्यांच्या मुलाला, प्रशांतलाही, पट्टी असताना गाडीला हात लावायची परवानगी नव्हती.

पहिल्यांदा आम्हाला त्याची गंमतच वाटली. शिवाय माणूस काम फार देखणं करायचा. दर रविवारी तेलाची कांडी काढून, पुसून, पुन्हा बुडवून उजेडात धरायची. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावायचं. दारांच्या रबराला पावडर चोळायची, म्हणजे उन्हात चिकटत नाही. टायरच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने एकेक करून काढायचे. मग सुधारणा. मधल्या सीटखाली त्यांनी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा खण केला, त्यात चपला राहत. पाण्याच्या तांब्यासाठी पुढे एक कडी केली, तीही अशी की तांब्या खड्ड्यात हिंदकळला तरी पाणी सांडू नये. खिडक्यांना सुमनताईंकडून निळे पडदे शिवून घेतले. समोर बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, तिच्याखालीसुद्धा रबराचा वॉशर घातला. "त्यांना कशाला हादरे बसू द्यायचे?" असं म्हणाले होते.

एकदा गाडीत कुठूनतरी खडखड यायला लागली. भालेरावांची झोप उडाली. त्यांनी माझ्या नवऱ्याला मागच्या सामानाच्या जागेत आडवं झोपवलं, आणि पाथर्डी फाट्यापर्यंत चकरा मारत "आता कुठून येतोय आवाज? डावीकडून की खालून?" असं विचारत राहिले. नवरा घरी आला तो कंबर धरून. शेवटी दाराचा आतला पत्रा खोलला तर त्यात काचेची गोटी निघाली, आधीच्या मालकाच्या पोराने टाकलेली. भालेरावांनी ती गोटी तळहातावर घेऊन सगळ्या गल्लीला दाखवली. चेहरा असा, की जणू मोठा अपघात टळला. गोटी काढायला त्यांना तो सगळा महिना लागला होता आणि आवाज शोधायच्या चकरा सोडल्या तर महिनाभर पट्टी स्टिअरिंगलाच होती.

मायसाठी त्यांनी जे केलं ते तर मी कुठेच पाहिलं नाही. माय ठेंगणी, त्यातून वाकलेली. गाडीत चढताना धरायला नेहमीचा दांडा असतो तो छताजवळ. तिचा हात तिथवर कसा पोचणार? भालेरावांनी सुमनताईंना सांगितलं, पुढच्या खेपेला जाशील तेव्हा मायचं माप आण. सुमनताईंनी देवळ्याला जाऊन आईला भिंतीशी उभी केली, जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि ती सुतळी पिशवीत घालून एसटीने नाशिकला आणली. त्या मापाने भालेरावांनी डाव्या दाराच्या चौकटीला खाली एक दांडा बसवला. त्याला कापड गुंडाळलं, कारण म्हातारीचे हात गार पडतात. मी तो धरून पाहिला तर मला चक्क वाकावं लागलं. सुमनताई माझ्याकडे बघून इतक्या सुखाने हसल्या की मला माझ्या आईची आठवण झाली.

पण दांडा बसवताना चौकटीला भोक पाडावं लागलं होतं, त्याला गंज लागू नये म्हणून रंग द्यायचा राहिला होता. तो दिला तर एक टायर जास्त झिजलेला निघाला. टायर बदलून घेतले तर कुठल्याशा नळीला ओल दिसली. एक झालं की दुसरं. पट्टी सुटली की गावात भाजीला, फार तर ओझरपर्यंत गाडी जायची. देवळ्याचा रस्ता मात्र लांबचा, त्यातून वडाळीभोईच्या पुढे सगळे खड्डे, आणि मायसारखं माणूस बसणार. तिथे खोट चालणार नाही, हे त्यांचं ठाम मत.

शेजारच्या वाण्याकडे, आणि पुढे भालेरावांच्या घरी फोन लागला तेव्हा त्यावर, मायचा फोन यायचा. तिची बोली तिकडची, अहिराणीकडे झुकलेली. ती जवळपास ओरडूनच बोलायची, त्यामुळे बाजूला बसलेल्यालाही ऐकू येई. खुशाली झाली की शेवटी ठरलेला प्रश्न. "सुमन, तुन्ही गाडी कवय येई?" तुझी गाडी कधी येणार? सुमनताई म्हणायच्या, "येईल गं माय, थोडं काम राहिलंय." नाशिकला येऊन इतकी वर्षं झाली तरी आईशी बोलताना त्यांचा आवाज बदलायचा, हलका व्हायचा.

एकदा तर निघायचंच ठरलं. दिवस ठरला, भावाला निरोप गेला. सुमनताईंनी पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली. मी डबा भरायला मदत करत होते. नवी साडी नेसून त्या बाहेर आल्या आणि पोर्चमध्ये थांबल्या. स्टिअरिंगला पट्टी होती. भालेराव गाडीखाली.

"अहो, काय झालं?"

"ब्रेकच्या तेलाचा थेंब पडलाय खाली. एकच आहे. पण आहे."

सुमनताईंनी डब्याची पिशवी पायरीवर ठेवली. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, ही गाडी देवळ्याला जायची आहे, आकाशात नाही."

पायांकडून उत्तर आलं, "मॅडम, माणसं तीच बसतात ना आत."

चुकीचं तर काही बोलत नव्हते. तोच तर त्रास होता. त्यांचं एकेक वाक्य घेतलं तर बरोबर असायचं, आणि सगळी मिळून गाडी पोर्चमध्येच असायची. त्या दिवशी सुमनताईंनी दशम्या गल्लीत वाटल्या. घरोघर जाऊन हसत सांगितलं, "पुढच्या रविवारी नक्की." पुढच्या रविवारी भालेरावांना ड्युटी लागली.

मग उन्हाळ कांदा निघायच्या दिवसांत एका सकाळी भावाचा फोन आला. माय रात्री झोपेत गेली होती.

मी धावत समोर गेले. पोर्चमध्ये वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि त्यावर दोन्ही पुढच्या चाकांचे ब्रेक सुटे करून मांडलेले होते. आदल्या संध्याकाळी काढलेले. भालेराव मांडी घालून बसले होते आणि भराभर जोडायला लागले होते. "पाच मिनिटं सुमन. आलोच. पाच मिनिटं." ज्या हातांना कधी नट हुकला नव्हता त्यांच्यातून तो घरंगळून दोनदा गटाराच्या जाळीपाशी गेला. सुमनताई पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. भावाचा पुन्हा फोन आला, ऊन वाढतंय, किती वेळ थांबायचं? भालेराव म्हणाले, "निघालोच म्हणून सांग." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने सुमनताई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "दादा, एक रिक्षा बोलवा. स्टँडवर जाते मी."

भालेराव वर न बघता म्हणाले, "तू हो पुढे. मी गाडी घेऊन मागोमाग येतोच."

सुमनताई पोचल्या तेव्हा मायला नेलेलं होतं. चेहरा दिसला नाही. हे त्यांनी मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं, शिलाई मशीनवर बसून, पाय थांबवून. म्हणाल्या, सगळे अंगणात बसले होते, बायका रडत होत्या, आणि दुपार कलल्यावर गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. भालेराव आले होते. गाडी धुळीने भरलेली, निळे पडदे लावलेले, डाव्या दाराला मायच्या मापाचा दांडा. बायकांनी माना वळवून पाहिलं. भावजय सुमनताईंच्या शेजारी बसली होती. ती बिचारी साधी बाई. टोमणा मारायचा तिचा हेतू नव्हता. तिच्या तोंडून निघून गेलं, "उनी वो ताई, तुन्ही गाडी उनी."

आली तुझी गाडी.

दिवसकार्य होईपर्यंत सुमनताई तिथे राहिल्या आणि परत एसटीनेच आल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी स्टिअरिंगला पुन्हा बांधलेली पट्टी सोडवली आणि मशीनच्या खणात टाकली. पुढे त्या त्याच पट्टीने मशीनचं तेल पुसायच्या. भालेरावांनी पट्टी कुठे गेली म्हणून कधी विचारलं नाही. दोघांचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. चहा वेळेवर मिळत होता, डबा जात होता. फक्त सुमनताई त्या गाडीत परत कधीही बसल्या नाहीत. लग्नाला, बाजाराला, मुलाला सोडायला स्टेशनवर, कुठेही जायचं असलं तरी त्या गेटबाहेर जाऊन रिक्षाला हात करायच्या.

भालेराव बदलले. आता गल्लीत कुणालाही अडचण आली की गाडी तयार. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा भालेरावांनी दाराचा पत्रा खोललेला होता, वायरी लोंबत होत्या. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं काम अर्धवट आहे, आम्ही दुसरं काही बघतो." ते म्हणाले, "असू दे. चालते ती गाडी." तेवढ्या बोलण्याने मला भरून आलं, नवऱ्याच्या काळजीने आलं की त्यांच्या, ते मलाच कळलं नाही. एवढ्या घाईतही त्यांनी गाडीभोवती आपली एक फेरी मारलीच, चारही चाकांना पायाने ठोकून, सगळी दारं दाबून. ती फेरी त्यांच्या अंगातच होती. ती मारल्याशिवाय त्यांनी किल्ली फिरवलेली मी पाहिली नाही. नवरा वाचला. गल्ली त्यांना देवमाणूस म्हणायला लागली. लोक असं म्हणत तेव्हा सुमनताई तिथे असल्या तर हळूच आत निघून जायच्या.

वर्षं गेली. प्रशांत नोकरीला पुण्याला गेला, भालेराव निवृत्त झाले. मोठ्या गाडीत आता बसायला ते एकटे. सुमनताईंचे गुडघे गेले, पाठ वाकली. तेव्हा भालेरावांनी त्यांची शेवटची सुधारणा केली. डाव्या दाराखाली घडी होणारी पायरी. ओढली की बाहेर, ढकलली की आत, वर खरखरीत रबर, पाय घसरू नये म्हणून. मला दाखवताना ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिला म्हणा ना मॅडम, एकदा पाय ठेवून बघ. उंची बरोबर आहे का, तेवढंच सांग." मी म्हटलं त्यांना. सुमनताई म्हणाल्या, "बरोबरच असेल. त्यांचं माप कधी चुकतंय?"

गुडघ्याच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. दवाखाना मुंबई नाक्याजवळ. मी सोबत जाणार होते. सकाळी गेले तर गाडी धुऊन गेटबाहेर उभी, डावं दार उघडं, पायरी खाली सोडलेली. भालेराव इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. हातात काही नाही, ना कापड, ना पाना. त्यांना असं रिकाम्या हातांनी उभं राहिलेलं मी प्रथमच पाहत होते, पुढून.

सुमनताई काठी टेकत आल्या आणि दारापाशी थांबल्या. त्यांचा हात आधारासाठी आपोआप पुढे गेला आणि त्या खालच्या दांड्यावर पडला. कापड गुंडाळलेल्या. वाकावं लागलं नाही त्यांना. दांडा आता त्यांच्याच मापाचा झाला होता.

त्यांच्याही ते ध्यानात आलं. बोटं दांड्यावर तशीच राहिली. भालेराव त्यांना जागा द्यायला एक पाऊल मागे सरकले. मीसुद्धा मनात म्हणत होते, बसा हो ताई, आता तरी बसा. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बघता का जरा? मला नाही जमायचं."

मी रिक्षा थांबवली. दोघी बसलो. निघताना भालेराव म्हणाले, "हो पुढे. मी मागोमाग येतो." बोलून गेल्यावर त्यांना ते वाक्य आठवलं असावं. चेहरा एकदम पडला.

रिक्षा गल्लीबाहेर वळली. थोडं पुढे गेल्यावर सुमनताईंनी विचारलं, "येतायत का हो मागं?"

मी मागच्या लहानशा खिडकीतून पाहिलं. ती मोठी गाडी एकटी येत होती, आत फक्त ते. आणि डाव्या दाराखाली पायरी बाहेर आलेली, तशीच. भालेराव फेरी मारायला विसरले होते.

"येतायत," मी म्हटलं. "पण पायरी आत घ्यायची राहिलीय. खालीच आहे."

सुमनताई मागे वळल्या नाहीत. मांडीवरची पिशवी त्यांनी घट्ट धरली. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "दादा, जरा हळू घ्या. मागच्या गाडीची पायरी उघडी आहे, कशाला तरी घासायची."

रिक्षावाल्याने वेग कमी केला. मागे भालेरावांनीही केला, आणि दवाखाना येईपर्यंत ते तेवढ्याच अंतराने आमच्या मागे येत राहिले.